बाल्ड ईगलची २००८ची स्मारक नाणी: नव्या संग्राहकाने सुरुवात कुठून करावी

अमेरिकेच्या टांकसाळीने २००८ साली बाल्ड ईगलवर तीन स्मारक नाणी काढली: अर्ध्या डॉलरचे, एका डॉलरचे चांदीचे आणि पाच डॉलरचे सोन्याचे. नाणी जमवायची हौस नव्याने लागलेल्या माणसाने कुठून सुरुवात करावी असे कोणी विचारले, की मी या संचाचे नाव घेते. नाणी तीनच आहेत, त्यामुळे संच पुरा होतो. फार दुर्मीळ नाहीत, त्यामुळे शोधताना दमछाक होत नाही. मुख्य म्हणजे तिन्हींवरची चित्रे ठरवून एका ओळीत लावलेली आहेत: घरट्यातले अंडे, फांदीवरची पिल्ले, आकाशातला पूर्ण वाढलेला गरुड. नाणे नुसते जवळ बाळगायचे नसते, ते वाचायचे असते. ही सवय लावायला याहून चांगला संच मला माहीत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. पहिले नाणे अर्ध्या डॉलरचे घ्या. त्यात ना सोने आहे, ना चांदी. तरीही तिघांत मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. का, ते पुढे येईलच.

आधी पक्ष्याची गोष्ट माहीत करून घ्या

२० जून १७८२ रोजी अमेरिकेने आपली अधिकृत मुद्रा, म्हणजे ‘ग्रेट सील’, स्वीकारली आणि तिच्यावर बाल्ड ईगल आला. तेव्हापासून नाणी, नोटा, पासपोर्ट, लष्कराची बटणे असा तो सगळीकडे दिसतो. पण कायद्याने त्याला राष्ट्रीय पक्षी म्हटले गेले ते थेट डिसेंबर २०२४मध्ये. म्हणून २००८च्या या नाण्यांच्या कायद्यात ‘राष्ट्रीय पक्षी’ असा शब्द शोधायला जाऊ नका. तिथे तो देशाचे ‘राष्ट्रीय चिन्ह’ म्हणून येतो.

एवढा मान असूनही हा पक्षी संपत आला होता. ज्या १९६३ साली आपल्याकडे मोर राष्ट्रीय पक्षी ठरला, त्याच वर्षी अमेरिकेत अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांत घरटी करणाऱ्या बाल्ड ईगलच्या जेमतेम चारशे जोड्या उरल्याचे मोजणीत आढळले. शिकार आणि जंगलतोड ही कारणे होतीच, पण घाव वर्मी बसला तो डीडीटी या कीटकनाशकाचा. फवारलेले डीडीटी पाण्यात, पाण्यातून माशांत आणि माशांतून गरुडांच्या शरीरात गेले. मादीच्या शरीरात ते साठले, की अंड्याचे कवच पातळ व्हायचे आणि उबवायला बसलेल्या आईच्याच वजनाने अंडे फुटायचे. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, १९७३ साली संकटग्रस्त प्रजातींचा कायदा झाला. संख्या हळूहळू वाढत गेली आणि २००७ साली, सुमारे दहा हजार जोड्यांची नोंद झाल्यावर, बाल्ड ईगलचे नाव संकटग्रस्त प्रजातींच्या यादीतून काढले गेले.

नाण्यांचा कायदा त्याआधीच, डिसेंबर २००४मध्ये झाला होता. निमित्त होते १९७३च्या कायद्याला ३५ वर्षे होण्याचे. अमेरिकेत स्मारक नाणे काढायचे तर संसदेचा स्वतंत्र कायदा लागतो. नव्वदच्या दशकात अशा नाण्यांचा इतका सुळसुळाट झाला, की संग्राहक वैतागले. मग १९९९पासून वर्षाला दोनच विषय अशी मर्यादा घालण्यात आली. २००८च्या दोन जागांपैकी एक या गरुडाला मिळाली.

प्रत्येक नाण्याच्या किमतीत ठरावीक अधिभार होता: सोन्याच्या नाण्यावर ३५ डॉलर, चांदीच्या नाण्यावर १० आणि अर्ध्या डॉलरवर ३. हे पैसे टेनेसी राज्यातल्या अमेरिकन ईगल फाउंडेशन या संस्थेसाठी होते. आज तुम्ही एखाद्या व्यापाऱ्याकडून हे नाणे घेतले, तर त्यातला एकही डॉलर गरुडांपर्यंत पोचत नाही. ती मदत २००८ सालच्या मूळ विक्रीपुरतीच होती. पक्ष्यांसाठी काही करायचे असेल तर देणगी वेगळी द्या. विक्रेता ‘यातून संवर्धनाला मदत होते’ असे सांगत असेल, तर तो जुनी माहिती नवी म्हणून विकतो आहे.

पायरी पहिली: अर्ध्या डॉलरचे नाणे घ्या आणि नीट पाहा

नाणे ३०.६१ मिलिमीटर व्यासाचे, वजन ११.३४ ग्रॅम. आत तांबे, वर तांबे-निकेलचा थर. कड डोळ्यांजवळ धरलीत तर दोन पांढऱ्या थरांमधली तांबूस रेघ दिसते. दातेरी कडेवर ही रेघ स्पष्ट दिसली, की नाणे चांदीचे नाही हे कळते. कोणी ‘चांदीचा हाफ डॉलर’ म्हणून हे विकत असेल, तर तिथून सरळ बाहेर पडा.

आता पुढची बाजू पाहा. काटक्यांचे घरटे, त्यात काही दिवसांचीच वाटणारी दोन पिल्ले आणि त्यांच्याजवळ एक न फुटलेले अंडे. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या (सोनार वापरतात तेच) आणि दिवा बाजूने पडेल असा ठेवा. डोक्यावरून येणाऱ्या उजेडात नाणे सपाट दिसते, तिरप्या उजेडात काटकी न् काटकी उठून येते. पिल्लांच्या अंगावरची लव बारीक रेघांनी दाखवली आहे आणि शेजारचे अंडे गुळगुळीत, अखंड. डीडीटीची हकिकत वाचून झाल्यावर त्या अखंड कवचाकडे पाहिलेत, की नाणे घडवणाऱ्यांनी काय दाखवायचे ठरवले होते ते उमगते. पंख पसरलेला रुबाबदार गरुड नाण्यांवर दोनशे वर्षे येतोच आहे. अंडे दाखवायला मात्र गोष्ट ठाऊक असावी लागते. म्हणूनच मी या नाण्यापासून सुरुवात करा म्हणते.

मागच्या बाजूला एका गरुडाचे चित्र आहे आणि त्याच्या मागे अमेरिकेचा झेंडा. हा कुठला तरी काल्पनिक गरुड नाही. त्याचे नाव चॅलेंजर. लुइझियानात वादळात घरट्यातून खाली पडलेले ते पिल्लू माणसांच्या हाती वाढले, माणसांना इतके सरावले, की त्याला पुन्हा रानात सोडणे शक्य झाले नाही. पुढे भरलेल्या स्टेडियममध्ये राष्ट्रगीत चालू असताना मोकळे उडून येण्याचे शिक्षण त्याला मिळाले. १९८६ साली दुर्घटनाग्रस्त झालेल्या चॅलेंजर यानातल्या अंतराळवीरांच्या स्मरणार्थ त्याचे नाव ठेवले होते. एखाद्या जिवंत, नाव असलेल्या पक्ष्याला नाण्यावर जागा मिळणे फार क्वचित घडते.

नाणे उलटवताना एक लक्षात ठेवा. डाव्या-उजव्या कडा चिमटीत धरा आणि वरची कड खाली येईल अशा बेताने फिरवा, मागचे चित्र सरळ दिसेल. पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटवलेत तर गरुड डोक्यावर उभा दिसतो. रुपयाच्या नाण्यांची सवय असलेल्यांना वाटते की छपाईत चूक झाली. चूक नाही, अमेरिकी नाण्यांची रीतच ती आहे. ‘उलट छापलेले दुर्मीळ नाणे’ म्हणून कोणी जादा पैसे मागू लागला, तर हे आठवा.

टांकसाळीची खूण ‘एस’, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. ती भिंगाने शोधा आणि वहीत लिहून ठेवा.

पायरी दुसरी: प्रूफ की अनसर्क्युलेटेड, हे ठरवा

तिन्ही नाणी दोन प्रकारांत निघाली. चित्र तेच, घडवण्याची पद्धत वेगळी. प्रूफ नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी चकचकीत आणि चित्राचा भाग मॅट, दुधी असतो. खास घोटलेल्या साच्याने, निवडक चकतीवर, एकाहून जास्त वेळा ठोका मारून ते घडवतात. अनसर्क्युलेटेड नाण्यावर सगळीकडे एकसारखी मंद झळाळी असते. ‘अनसर्क्युलेटेड’चा अर्थ इथे ‘न वापरलेले’ एवढाच घेऊ नका. तो टांकसाळीने ठरवलेला वेगळा प्रकार आहे. प्रूफ नाणेही कोणी वापरलेले नसतेच.

संख्येने पाहिले तर प्रूफ जास्त विकली गेली. चांदीच्या डॉलरची प्रूफ सुमारे २ लाख ९५ हजार, तर अनसर्क्युलेटेड सुमारे १ लाख १९ हजार. अर्ध्या डॉलरची प्रूफ सुमारे २ लाख २१ हजार आणि अनसर्क्युलेटेड सुमारे १ लाख २० हजार. प्रमाणात पाहिले तर सोन्याच्या नाण्यात फरक सर्वांत मोठा: प्रूफ सुमारे ५९ हजार, अनसर्क्युलेटेड जेमतेम १५ हजार.

माझे मत विचाराल तर अर्धा डॉलर अनसर्क्युलेटेड घ्या. घरट्याच्या काटक्या त्या मंद झळाळीत जास्त खऱ्या वाटतात, आणि प्रूफच्या आरशात आपलाच चेहरा मध्ये येतो. चांदीचा डॉलर मात्र प्रूफच घ्यावा. त्यावर मोकळे आकाश आहे आणि आरशाचा उपयोग तिथे होतो. तिन्ही एकाच प्रकारात असावीत असा नियम कुठे नाही.

पायरी तिसरी: चांदीचा डॉलर, आणि त्याच्या नावाशी होणारा घोटाळा

चांदीच्या डॉलरचा व्यास ३८.१ मिलिमीटर, वजन २६.७३ ग्रॅम, चांदी ९० टक्के. म्हणजे शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम. हा आकडा पाठ करा, किंमत ठरवताना कामाला येतो. खूण ‘पी’, फिलाडेल्फिया. पुढच्या बाजूला उडणारा पूर्ण वाढलेला गरुड. मागच्या बाजूला ग्रेट सीलच्या पहिल्या, १७८२ ते १८४१ या काळात वापरात असलेल्या मुद्रेची प्रतिकृती.

ती प्रतिकृती सावकाश पाहा. एका पंजात ऑलिव्हची फांदी, दुसऱ्यात बाण. पण त्या पहिल्या मुद्रेतला पक्षी बारीक पायांचा, डोक्यावर तुऱ्यासारखे काही असलेला आहे. आज आपण ओळखतो तो पांढऱ्या डोक्याचा भारदस्त बाल्ड ईगल तो नव्हे. सोन्याच्या नाण्याच्या मागे आजची मुद्रा आहे. दोन्ही शेजारी ठेवली, की एकाच चिन्हाचे चित्र दोन शतकांत कसे बदलले ते कळते. सोने परवडत नसेल तर आजची मुद्रा एका डॉलरच्या नोटेच्या मागच्या बाजूला उजवीकडे आहेच, तिच्याशी ताडून पाहा.

आता घोटाळा. ऑनलाइन ‘सिल्व्हर ईगल’ असे शोधलेत की हजारो नाणी समोर येतात. ती बहुतेक ‘अमेरिकन सिल्व्हर ईगल’ असतात. हे १९८६पासून दरवर्षी निघणारे, गुंतवणुकीसाठीचे चांदीचे नाणे आहे. शुद्धता ९९.९ टक्के, चांदी एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, व्यास ४०.६ मिलिमीटर. त्याच्या पुढच्या बाजूला गरुड नसून चालणारी लिबर्टीची आकृती असते, गरुड मागे असतो. ते चांगले नाणे आहे, पण आपले नाणे ते नव्हे. त्यातून २००८ सालचे सिल्व्हर ईगलही बाजारात आहेच, त्यामुळे नुसत्या सालावर विसंबू नका. सोपी परीक्षा अशी: पुढच्या बाजूला उभी स्त्री दिसली, तर ते सिल्व्हर ईगल, उडणारा पक्षी दिसला, तर स्मारक डॉलर.

पायरी चौथी: सोन्याचे नाणे, घाई न करता

पाच डॉलरचे सोन्याचे नाणे आकाराने लहान आहे, व्यास २१.५९ मिलिमीटर, वजन ८.३५९ ग्रॅम, सोने ९० टक्के. शुद्ध सोने साधारण ७.५२ ग्रॅम. खूण ‘डब्ल्यू’, वेस्ट पॉइंट. पुढच्या बाजूला फांदीवर बसलेली दोन मोठी पिल्ले. त्यांची डोकी आणि शेपट्या अजून गडद असतात. बाल्ड ईगलचे डोके पांढरे व्हायला चार-पाच वर्षे लागतात. त्यामुळे ‘या नाण्यावर दुसरेच गरुड आहेत’ अशी शंका आली, तर ती अस्थानी आहे.

हे नाणे शेवटी घ्या. सोन्याचा भाव चढा असतो तेव्हा किमतीचा बहुतेक भाग सोन्याचाच असतो. नाण्यासाठी नव्हे, धातूसाठी पैसे मोजल्यासारखे होते. पहिली दोन नाणी हाताळून, भिंगाखाली पाहून डोळा तयार झाल्यावर तिसऱ्याकडे वळा.

पायरी पाचवी: खरे-खोटे तपासा

बनावट नाणी आज चांगल्या दर्जाची येतात, विशेषतः चांदीची. घरी करता येण्याजोग्या तीन परीक्षा पुरेशा आहेत. पहिली वजनाची. शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा लहान काटा घ्या, वजन वर दिलेल्या आकड्यांशी ताडा. सुट्या चांदीच्या डॉलरचे वजन पाव ग्रॅमने जरी कमी भरले, तरी ते परत करा. दुसरी परीक्षा व्यासाची. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम, पण त्याचे जबडे धातूचे असतात आणि नाण्यावर ओरखडा उठवतात, म्हणून प्लास्टिकचा घ्या. तिसरी लोहचुंबकाची. तिन्हींपैकी एकही नाणे चुंबकाला चिकटत नाही.

कॅप्सूलमधले नाणे यासाठी बाहेर काढू नका. कॅप्सूलबंद नाण्याच्या बाबतीत भिंगच खरे. अक्षरांच्या कडा तीक्ष्ण आहेत का, पिसांच्या रेघा सलग आहेत का, पार्श्वभूमीवर पुरळासारखे बारीक खड्डे आहेत का, ते पाहा. ओतीव नकलेवर असे खड्डे हमखास दिसतात. मूळ डबी आणि टांकसाळीचे प्रमाणपत्र सोबत असेल तर चांगलेच, पण रिकाम्या डब्या आणि प्रमाणपत्रेही सुटी विकली जातात. त्यामुळे प्रमाणपत्र हा पुरावा नव्हे.

पीसीजीएस किंवा एनजीसी या संस्थांनी तपासून प्लास्टिकच्या बंद चौकटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, घातलेले नाणे घेतलेत तर अस्सलपणाची चिंता बरीच कमी होते. स्लॅबवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहा आणि तिथे नाण्याचा फोटो असेल तर तोही जुळवा. या संस्था नाण्याला ७०पैकी दर्जा देतात. आधुनिक स्मारक नाणी मुळातच काळजीपूर्वक घडवलेली असल्याने ६९ दर्जाची नाणी भरपूर असतात. ६९ आणि ७० यांतला फरक नवख्या डोळ्याला दिसत नाही, किमतीत मात्र दिसतो. ७०च्या मागे लागू नका. त्या फरकाच्या पैशांत चांगले भिंग आणि काटा येतो.

पायरी सहावी: भाव ठरवा

विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. ईबेवर ‘सोल्ड’ म्हणजे प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नाण्यांची यादी वेगळी पाहता येते. तिथले गेल्या काही महिन्यांचे सौदे पाहा. त्याच प्रकारचे, त्याच खुणेचे, डबीसकट की डबीविना, हे जुळवून पाहा. मग चांदीच्या डॉलरसाठी धातूची किंमत काढा. अमेरिकेत चांदीचा भाव ट्रॉय औंसाला सांगतात. त्याला ०.७७३ने गुणा, तेवढी नाण्यातल्या चांदीची किंमत. भारतात भाव किलोला असतो, तिथे ग्रॅमचा भाव काढून २४.०६ने गुणा. नाण्याची किंमत यापेक्षा किती जास्त मागितली आहे ते कळले, की घासाघीस करायला आधार मिळतो.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी ऑनलाइन खरेदीपूर्वी एखाद्या स्थानिक कॉइन शोला, म्हणजे नाण्यांच्या प्रदर्शन-विक्रीला, जरूर जावे. बहुतेक मोठ्या शहरांत ते भरतात. टेबलामागचा माणूस जुना संग्राहक असेल तर नाणे दाखवत मनसोक्त बोलतो. नवखे आहात हे लपवू नका. ‘या नाण्याची किंमत तुम्ही धातूच्या किमतीपेक्षा इतकी जास्त का सांगता?’ असे मोकळेपणी विचारा. उत्तर पटले नाही तर आभार मानून पुढच्या टेबलावर जा. १८९१पासून चालणाऱ्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक असोसिएशनचे सदस्य असलेल्या व्यापाऱ्यांना आचारसंहिता असते, हेही पाहण्याजोगे.

मुंबईत असाल तर खरेदीच्या आधी फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या नाणी-संग्रहालयात एक दुपार घालवा. तिथे अमेरिकी नाण्यांसाठी नव्हे, तर डोळा तयार करण्यासाठी जायचे. पक्षी नाण्यावर आणण्याची परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे तेही लक्षात येईल. पाचव्या शतकातल्या गुप्त सम्राट पहिल्या कुमारगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवर राजा मोराला चारा भरवताना दिसतो आणि मागे मोरावर बसलेला कार्तिकेय असतो. नाशिकजवळ अंजनेरीला मुद्रा-अभ्यासाची संशोधन संस्था आहे. नाणकशास्त्राची गोडी लागली तर तिचे नाव पुन्हा पुन्हा कानांवर येईल.

पायरी सातवी: जपणूक

नाणे नेहमी कडेने धरा, बोटाचा ठसा कधीही चित्रावर उमटू देऊ नका. त्या घामाचा डाग काही दिवसांत चांदीत बसतो आणि मग जात नाही. खाली मऊ कापड पसरून बसा, म्हणजे निसटले तरी कडेला मार लागणार नाही.

आपल्या घरांत चांदी काळी पडली की पितांबरी, रांगोळी, दंतमंजन, चिंच, काहीही लावून ती लख्ख करण्याची रीत आहे. देवघरातल्या निरांजनासाठी ती ठीक. संग्रहातल्या नाण्याला यातले काहीही लावू नका. घासल्याने वरचा अतिशय पातळ थर जातो, भिंगाखाली केसांसारखे ओरखडे दिसतात आणि नाण्याचे मोल धातूच्या भावावर येते. काळसर किंवा सोनेरी छटा आली असेल तर ती राहू द्या. काही संग्राहक अशाच छटेचे नाणे मुद्दाम शोधतात.

दुसरी गोष्ट घरातल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या ताटात चांदीची नाणी लागतात आणि कपाटात चकचकीत डॉलर दिसला, की तो ताटात जातो. त्यावर हळद-कुंकू, अक्षता, मग पंचामृताचा शिंतोडा. पूजेसाठी सराफाकडचे साधे नाणे वेगळे ठेवा. संग्रहाचे नाणे कॅप्सूलमध्येच राहू द्या.

स्वस्त, मऊ, लवचीक प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी ठेवू नका. त्यातल्या पीव्हीसीचे काळाने विघटन होऊन नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. ‘पीव्हीसी-फ्री’ लिहिलेली पाकिटे किंवा टणक कॅप्सूल घ्या. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत राहणाऱ्यांनी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि पावसाळ्यात त्या बदलत राहावे. कपाट लाकडी असेल, तर नाणी थेट लाकडाला लागून ठेवू नका. कापूर आणि डांबरगोळ्या असलेल्या कप्प्यातही नकोत.

भारतात आणताना

अमेरिकेतून सुट्टीला येताना भाच्या-पुतण्यांसाठी नाणी आणण्याचा मोह होतो. अर्ध्या डॉलरच्या एक-दोन नाण्यांचा प्रश्न सहसा येत नाही. पण सोन्या-चांदीची नाणी दागिन्यांत मोडत नाहीत, त्यामुळे प्रवाशाला दागिन्यांवर मिळणारी सवलत त्यांना लागू आहे असे धरून चालू नका. निघण्यापूर्वी भारतीय सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू नियम आणि दर पाहा, खरेदीची पावती हातातल्या बॅगेत ठेवा आणि विमानतळावर नाणी जाहीर करा. स्लॅबमधले नाणे कोणी अधिकाऱ्याने उघडायला सांगितले, तर स्लॅबवरचा क्रमांक आणि पावती दाखवून आधी शांतपणे समजावून सांगा. स्लॅब फुटला की त्या दर्जाचा उपयोग संपतो.

मुलांसोबत जमवत असाल तर

अर्ध्या डॉलरचे नाणे मुलाच्या हातात द्या, मग पक्षी दाखवायला घेऊन जा. न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया या भागांतल्या मराठी घरांना मेरीलँडमधले कोनोविंगो धरण फार लांब नाही. नोव्हेंबरमध्ये तिथे मासे पकडायला बाल्ड ईगल जमतात आणि मोठ्या लेन्सचे कॅमेरे घेतलेली माणसेही. तिथल्या गडद डोक्याच्या तरुण गरुडांना पाहिले, की सोन्याच्या नाण्यावरची पिल्ले आपोआप ओळखू येतात.

एक इशारा मात्र आवर्जून. जमिनीवर पडलेले पीस दिसले तरी मुलांना ते उचलू देऊ नका. बाल्ड ईगलच्या संरक्षणासाठी १९४० साली झालेल्या कायद्यानुसार परवान्याशिवाय त्याचे पीस जवळ बाळगणेही गुन्हा आहे, मग ते आपोआप गळलेले का असेना. नाण्याच्या डबीत शोभेला म्हणून पीस ठेवण्याची कल्पना सुचली, तर ती सोडून द्या.

वहीत काय लिहावे

प्रत्येक नाण्याला एक पान द्या. कुठून घेतले, तारीख, किंमत, त्या दिवशीचा धातूचा भाव, प्रकार, टांकसाळीची खूण, वजन, स्लॅब असल्यास क्रमांक. खाली भिंगाखाली दिसलेली एक तरी गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहा. विमा काढताना किंवा पुढे विकताना वरचे आकडे लागतात. खालची ओळ घरातल्या पुढच्या माणसाला लागते, कारण डबीत काय आहे आणि ते का ठेवले होते हे त्याला सांगायला तेव्हा आपण तिथे असूच असे नाही.

संच पुरा झाल्यावर पुढे काय, असे वाटले तर ग्वाटेमालाकडे वळा. तिथला राष्ट्रीय पक्षी क्वेत्झाल आणि १९२५पासून त्या देशाचे चलनही क्वेत्झालच. पक्ष्याच्या नावाने पैसा मोजणाऱ्या देशाची जुनी चांदीची नाणी शोधायला वेळ लागतो, पण तोवर भिंग, काटा आणि वही तुमच्या हातात सरावाची झालेली असतील.